बहर वाचवायचा, तर मातीची ऊब राखा

न्यू जर्सी, पेन्सिल्व्हेनिया, मिशिगन, ओंटारिओ किंवा तिकडे जर्मनी. मराठी कुटुंबाने अंगणासकट घर घेतलं की मागच्या बाजूला एखादं तरी फळझाड लागतंच. सफरचंद, पीच, चेरी, पेअर, एखाद्या हौशी घरी जर्दाळू. काही वर्षांनी पहिला भरगच्च बहर येतो. फुलं दाखवायला भारतातल्या आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल होतो. आणि त्याच आठवड्यात एक रात्र अशी येते, की सकाळी प्रत्येक फुलाचा मधला भाग काळा पडलेला असतो. पुढे झाड हिरवंगार होतं, पण त्या वर्षी फळ धरत नाही.

पिढ्यान्‌पिढ्या बागा राखणाऱ्यांवरही ही वेळ येते. २०१२ साली मिशिगनमध्ये मार्च महिना इतका उबदार गेला, की झाडं कित्येक आठवडे आधीच फुलली. एप्रिलमधल्या गोठवणाऱ्या रात्रींनी त्या वर्षीचं सफरचंदाचं सुमारे ९० टक्के पीक नेलं. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांत आणि फळबागांत शेतकऱ्यांनी रात्रभर मेणाचे डबे पेटते ठेवले, तरीही नुकसान प्रचंड झालं. १८ मे २०२३ च्या पहाटे न्यूयॉर्क आणि व्हर्माँटमधल्या सफरचंदाच्या बागांना असाच तडाखा बसला. जर्मनी आणि ऑस्ट्रियात तर ११ ते १५ मे हे दिवस बर्फसंतांचे मानले जातात. ते उलटल्याशिवाय नाजूक रोपं बाहेर लावायची नाहीत, असा तिथला जुना रिवाज आहे.

मोठ्या बागेत हवा घुसळणारे उंच पंखे असतात, फवाऱ्यांचं जाळं असतं. आपल्याकडे ते नाही. पण आपली झाडं दोन-चारच आहेत आणि प्रत्येकापर्यंत आपला हात पोचतो, ही फार मोठी सोय आहे. खाली दिलेल्या जवळजवळ सगळ्या उपायांमागे एकच सूत्र आहे: सूर्याने दिवसभर मातीत साठवलेली ऊब रात्री झाडाभोवती धरून ठेवायची. म्हणूनच बहर वाचवण्याचं बहुतेक काम सूर्यास्ताच्या आधी करायचं असतं.

आधी कळीची अवस्था ओळखा

हिवाळ्यात पानं गाळून उभ्या असलेल्या झाडाला ठरावीक तासांची थंडी लागते. ती मिळाली की त्याची विश्रांती संपते. त्यानंतर जी ऊब मिळेल तिच्यावर डोळे फुगू लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये चार दिवस ऊन पडलं तर झाड पुढे सरकतं, आणि एकदा पुढे सरकलेली कळी मागे येत नाही. मिटलेला डोळा कडाक्याची थंडी सोसतो. जसजशी कळी उमलते, तसतशी तिची सोसण्याची ताकद कमी होत जाते.

सफरचंदासाठी बागायतदार हे आकडे वापरतात. पुढे दिलेलं तापमान अर्धा तास टिकलं, तर साधारण १० टक्के कळ्या मरतात:

- डोळ्याचं टोक रुपेरी दिसू लागलं: १५ अंश फॅरनहाइट (उणे ९ सेल्सिअस)
- हिरवं टोक बाहेर आलं: १८ अंश (उणे ८)
- कळ्यांचा घट्ट गुच्छ दिसू लागला: २७ अंश (उणे ३)
- कळ्या गुलाबी झाल्या, फुलं उमलली किंवा पाकळ्या नुकत्याच गळल्या: २८ अंश (उणे २)

पूर्ण फुललेल्या सफरचंदावर २५ अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळपास उणे ४ सेल्सिअस, एवढी थंडी अर्धा तास राहिली, तर ९० टक्के फुलं जातात. पीच पूर्ण फुलात असताना १० टक्के नुकसानीचा आकडा २७ आणि ९० टक्क्यांचा २४ अंश आहे. गोड चेरी सफरचंदासारखीच २८ आणि २५ वर आहे.

या आकड्यांत मोठा दिलासा दडलेला आहे. किरकोळ नुकसान आणि सर्वनाश यांच्यामध्ये फक्त तीन अंश फॅरनहाइटचं अंतर आहे. चादर टाकून, माती ओली ठेवून झाडाभोवतीचं तापमान तीन-चार अंशांनी वर ठेवता आलं, तर बहुतेक वर्षी बहर वाचतो. शिवाय सफरचंदाच्या झाडाला भरपूर पीक द्यायला सगळी फुलं लागत नाहीत. बहर दाट असेल तर शंभरातल्या पाच ते दहा फुलांना फळ धरलं तरी पुरतं. त्यामुळे झाडाचा अर्धाच भाग झाकता येत असेल, तर अर्धा झाका. ते कष्ट वाया जात नाहीत.

धोक्याची रात्र कशी ओळखायची

गोठवणारी थंडी दोन तऱ्हांनी येते. पहिल्या प्रकारात उत्तरेकडून थंड वारा घोंगावत येतो आणि दिवसरात्र तापमान खाली ठेवतो. याच्यापुढे परसातले उपाय फार टिकत नाहीत. वारा ऊब साठूच देत नाही. दुसऱ्या प्रकारात दिवस छान असतो, संध्याकाळी आकाश निरभ्र होतं, वारा पडतो आणि हवा कोरडी असते. मग जमीन आपली उष्णता मोकळ्या आकाशात सोडून देते, तिच्या लगतची हवा गार होते, जड होऊन सखल जागी साचते. अशा रात्री तीस-चाळीस फुटांवरची हवा जमिनीलगतच्या हवेपेक्षा चांगलीच उबदार असते. उशिराचा फ्रॉस्ट, म्हणजे बहराच्या दिवसांत येणारा हा गोठवणारा गारठा, बहुतेकदा असाच येतो, आणि याच्याशी आपण सामना करू शकतो.

अंदाज पाहताना चार गोष्टी बघा: किमान तापमान, ढग, वारा आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं ते तापमान. दवबिंदू खूप खाली असेल तर हवा कोरडी आहे आणि पारा झपाट्याने घसरणार, असं समजा. ढग असतील किंवा वारा हलका वाहत असेल तर धोका कमी.

फोनवरच्या अंदाजावर सगळं सोडू नका. हवामान केंद्राचा थर्मामीटर जमिनीपासून दीड-दोन मीटरवर, सावलीच्या पेटीत असतो आणि बरेचदा तो विमानतळावर असतो. तुमचं घर उताराच्या पायथ्याशी असेल तर परसातलं तापमान त्याहून काही अंशांनी कमी भरू शकतं. अंदाज ३५ चा असतानाही गवतावर गोठलेल्या दवाचा पांढरा थर दिसतो तो यामुळेच. एक साधा कमाल-किमान थर्मामीटर सर्वांत खालच्या बहरलेल्या फांदीच्या उंचीवर टांगा आणि अंदाजातला आकडा व तुमचा आकडा रोज वहीत टिपा. आठवड्याभरात फरक लक्षात येतो, आणि पुढे तोच तुमचा खरा अंदाज ठरतो.

अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा ३३ ते ३६ अंशांसाठी फ्रॉस्टची सूचना आणि ३२ किंवा त्याखाली फ्रीझचा इशारा देते. पण हे इशारे त्या त्या भागाचा लागवडीचा हंगाम सुरू झाल्यावरच निघतात. जर्दाळू आणि पीच त्याआधीच फुललेले असू शकतात. इशारा आला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. ‘शेवटच्या फ्रॉस्टची सरासरी तारीख’ हीसुद्धा सरासरीच असते. साधारण निम्म्या वर्षी तिच्यानंतरही फ्रॉस्ट येतो.

आदल्या दिवशीची कामं

सकाळपासून मातीकडे लक्ष द्या. ओली, दबलेली, उघडी माती दिवसा सर्वांत जास्त उष्णता साठवते आणि रात्री ती सोडते. कोरड्या, भुसभुशीत मातीत हवा जास्त असते, त्यामुळे ऊब आत शिरत नाही. म्हणून:

- माती कोरडी असेल तर एक-दोन दिवस आधीच झाडाच्या घेराखाली पाणी द्या. वरची वीतभर माती ओली झाली की पुरे, चिखल नको.
- बुंध्याभोवती लाकडाच्या भुशाचं किंवा पेंढ्याचं आच्छादन असेल तर ते घेराबाहेर ओढा. आच्छादन ऊन मातीपर्यंत पोचू देत नाही आणि रात्री मातीची ऊब बाहेर येऊ देत नाही. बहराचा काळ सरला की परत पसरा.
- झाडाखालचं गवत आखूड कापा.
- त्या आठवड्यात माती खणू नका, भुसभुशीत करू नका.
- उताराच्या खालच्या बाजूला सलग फळ्यांचं कुंपण असेल तर थंड हवा तिथे अडून साचते. खालून फट ठेवता आली किंवा फाटक उघडं ठेवता आलं, तर ती वाहून जाते.
- कुंडीतली अंजिराची किंवा लिंबाची झाडं गॅरेजमध्ये घ्या. उन्हाळा आला असं समजून बाहेर ठेवलेला कढीपत्ताही आत आणा.

झाकायचं कसं

चादर स्वतः उष्णता तयार करत नाही. गोधडी जशी अंगाची ऊब अंगाशी धरते, तशी ती मातीची ऊब झाडाशी धरते. त्यामुळे चादर जमिनीपर्यंत पोचली पाहिजे. कित्येक घरी चादर फांद्यांवरून टाकून खोडाभोवती दोरीने आवळलेली दिसते. तिथे मातीचा आणि फुलांचा संबंधच तुटतो आणि चादरीचा उपयोग नाहीसा होतो. कडा खाली सोडून त्यांवर विटा किंवा दगड ठेवा, फट ठेवू नका.

कापड निवडताना हलकं आणि हवा जाऊ देणारं बघा. रोपवाटिकेत मिळणारं फ्रॉस्टचं पांढरं कापड जाडीनुसार साधारण २ ते ८ अंश फॅरनहाइट संरक्षण देतं आणि अनेक वर्षं टिकतं. जुन्या सुती चादरी, पलंगपोस, गोणपाट हेही चालतं. सोलापुरी चादर ऊबदार असते, पण जड असते आणि दवाने भिजली की आणखी जड होते. ती थेट फुलांवर टाकली तर कोवळे देठ मोडतात. बांबू किंवा पीव्हीसी पाइपच्या चौकटीवर टाका. कोणतंही कापड असलं तरी चौकट चांगलीच, कारण जिथे कापड फुलाला टेकतं तिथे थंडी आत पोचते. नुसतं प्लास्टिक तर फुलांना टेकूच देऊ नका. ते वापरायचं झालं तर कापडाच्या वरून, वाऱ्या-पावसापासून आडोसा म्हणून वापरा.

वेळ सांभाळणं तितकंच महत्त्वाचं. सूर्य मावळायच्या आत, माती अजून उबदार असताना झाका. रात्री दहा वाजता झाकलं तर तोवर बरीचशी ऊब आकाशात गेलेली असते. सकाळी तापमान गोठणबिंदूच्या वर चढलं की कापड काढा. काढणं विसरलात तर उन्हात आतली हवा तापते आणि मधमाश्याही फुलांपर्यंत पोचत नाहीत. सलग दोन-तीन रात्री थंडीच्या असतील तर दिवसा उघडायचं आणि दुपारनंतर परत झाकायचं.

झाड दहा फुटांहून उंच असेल तर सगळं झाकायचा अट्टहास करू नका आणि अंधारात शिडीवर चढू नका. खालच्या, हाताला येणाऱ्या फांद्या झाका. फळं तोडायलाही त्याच सोयीच्या असतात.

थोडी जास्तीची ऊब

पारा २५ च्या खाली जाणार असेल तर नुसतं कापड पुरत नाही. अशा वेळी कापडाच्या आत जुन्या पद्धतीच्या, तार तापणाऱ्या बल्बांची ख्रिसमसची माळ फांद्यांतून फिरवा. सी-९ जातीचा असा बल्ब साधारण ७ वॅटचा असतो. २५ बल्बांची माळ म्हणजे १७५ वॅट झाले. एवढी उष्णता झाकलेल्या छोट्या झाडाला पुष्कळ आधार देते. एलईडी माळ इथे उपयोगाची नाही, ती जवळजवळ तापतच नाही. माळ आणि वायर बाहेर वापरायच्याच प्रतीची हवी, आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या सॉकेटलाच जोडा. बल्ब कापडाला टेकू देऊ नका.

पाण्याने भरलेल्या बादल्या किंवा मोठे कॅन दिवसभर उन्हात ठेवून संध्याकाळी झाकणाच्या आत सरकवले तर तेही रात्रभर थोडी थोडी ऊब सोडतात. माळेइतका परिणाम होत नाही, पण वीज लागत नाही आणि धोका शून्य.

कापडाखाली मेणबत्ती, कंदील, केरोसीनचा स्टोव्ह किंवा गॅसचा हीटर कधीही ठेवू नका. एका वर्षाच्या फळांसाठी घराला आग लागण्याचा धोका पत्करू नये.

शेकोटी, धूर आणि पाण्याची फवारणी

नाशिक-निफाडकडे थंडीची लाट आली की द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटतात आणि बागेला पाणी सोडलं जातं. ज्यांनी हे पाहिलं आहे त्यांना परदेशातल्या परसातही धूर करावासा वाटतो. शेकोटीचा जो काही उपयोग होतो तो तिच्या उष्णतेचा आणि त्यामुळे हवा हलण्याचा असतो. जमिनीतून आकाशाकडे जाणारी उष्णता धुराचे बारीक कण अडवू शकत नाहीत. उलट सकाळी तोच धूर ऊन अडवतो आणि झाडाला तापायला उशीर करतो. बऱ्याच शहरांत उघड्यावर जाळण्याला मनाई असते आणि शेजाऱ्यांनाही त्रास होतो. हा उपाय परसासाठी नाही.

फुलांवर रात्रभर पाणी फवारण्याची पद्धत मोठ्या बागांत वापरतात आणि ती शास्त्रशुद्ध आहे. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी उष्णता सोडतं आणि तेवढ्यावर फूल बचावतं. पण त्याच एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ६०० कॅलरी लागतात, आणि ती ते फुलाकडूनच ओढून घेतं. म्हणजे फवारणी मध्येच थांबली, पाण्याचा दाब कमी पडला किंवा कोरडा वारा सुटला, तर न फवारता झालं असतं त्याहून जास्त नुकसान होतं. फवारा सुरू केला की सकाळी बर्फ आपोआप वितळून गळू लागेपर्यंत एक क्षणही थांबवता येत नाही. शिवाय बर्फाच्या वजनाने फांद्या मोडतात. घरच्या नळावर आणि बागेच्या फिरत्या स्प्रिंकलरवर हे सांभाळणं कठीण आहे. पाणी वापरा, पण आदल्या दिवशी मातीत द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी

पाकळ्या पाहून निष्कर्ष काढू नका. त्या टवटवीत दिसत असतानाही फूल आतून मेलेलं असू शकतं, आणि पाकळ्या करपल्या असूनही फळ धरू शकतं. तापमान वाढल्यावर काही तास थांबा. मग वेगवेगळ्या उंचीवरची वीस-पंचवीस फुलं तोडून धारदार पात्याने उभी चिरा. तळाशी, जिथून फळ तयार होतं, तिथे हिरवा रंग असेल तर फूल जिवंत आहे. तपकिरी किंवा काळा ठिपका असेल तर गेलं. सफरचंदाच्या गुच्छातलं मधलं फूल आधी उमलतं, त्यामुळे थंडीत आधी तेच जातं. कडेची फुलं मागाहून उमलतात आणि तीही पुरेशी फळं देतात.

जिवंत फुलं थोडीच उरली असतील तर परागीभवन वाया जाऊ देऊ नका. ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली मधमाश्या फारशा उडत नाहीत. गार दिवशी मऊ ब्रशने एका झाडाचे परागकण दुसऱ्या जातीच्या झाडाच्या फुलांवर लावता येतात. बहरात कीटकनाशक फवारू नका.

सगळा बहर गेला, तरी झाडाकडे पाठ फिरवू नका. फळांचा भार नसल्यामुळे ते त्या वर्षी फांद्या भराभर वाढवतं. नत्रयुक्त खत कमी करा, उन्हाळ्यात वाढ आटोक्यात ठेवणारी हलकी छाटणी करा आणि रोग-किडीवर नेहमीसारखं लक्ष ठेवा. पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळे याच उन्हाळ्यात तयार होत असतात.

नवं झाड लावणार असाल तर

खरं संरक्षण रोप लावण्याच्या दिवशी सुरू होतं. परसातल्या सखल कोपऱ्यात झाड लावू नका, उताराच्या मधल्या किंवा वरच्या भागात लावा. दक्षिणेच्या भिंतीलगत ऊन जास्त पडतं आणि झाड लवकर फुलतं. ज्याला उशिरा फुलवायचं आहे त्याला तिथून दूर ठेवा. उत्तरेकडच्या उतारावर बहर काही दिवस मागे राहतो, आणि त्या काही दिवसांतच एखादी घातक रात्र टळून जाऊ शकते.

फळं निवडताना फुलण्याचा क्रम ध्यानात ठेवा. सर्वांत आधी जर्दाळू, मग पीच आणि गोड चेरी, त्यानंतर पेअर आणि आंबट चेरी, आणि शेवटी सफरचंद. जिथे दरवर्षी फ्रॉस्टचा फटका बसतो तिथे जर्दाळूचा हट्ट सोडा आणि उशिरा फुलणाऱ्या जाती विचारून घ्या. सफरचंदात नॉर्दर्न स्पाय ही उशिरा फुलणारी जुनी, नावाजलेली जात आहे. पीच हवंच असेल तर काँटेंडर थंडीला तोंड देणारी म्हणून ओळखली जाते. बुटक्या खुंटावरचं कलम घ्या. आठ-दहा फुटांचं झाड एका माणसाला झाकता येतं.

आपल्या आवडीची काही फळं तर या संकटात सहसा सापडतच नाहीत. आपल्या बोराच्याच कुळातलं चिनी बोर उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलतं आणि अमेरिकेच्या बऱ्याच भागांत छान वाढतं. पर्सिमनही उशिरा फुलतं. ज्यांना बहरासाठी रात्री जागायचं नाही त्यांनी यांतलं एखादं झाड जरूर लावावं.

छाटणीची घाई करू नका. हिवाळ्याच्या मध्यावर छाटलेलं झाड थंडीला जास्त हळवं असतं. फ्रॉस्टच्या पट्ट्यात मुख्य छाटणी बहराच्या सुमारास करावी आणि फळांची विरळणी धोका टळल्यानंतरच करावी. जास्त फुलं ठेवली तर काही गेली तरी काही उरतात.

या आठवड्यात तीन कामं करा: झाडावर थर्मामीटर टांगा, झाडाच्या मापाचं कापड आणि चौकट तयार ठेवा, आणि शेजारीपाजारी कुणाकडे फळझाड असेल तर त्यांनाही हे सांगा. चार घरं मिळून एकमेकांना मदत करू लागली, तर त्या एका संध्याकाळी दोन तासांत सगळी झाडं झाकून होतील.